आमचा कागद आम्हाला परत करा

दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र दर वर्षी पावसाळ्यात येते. 'काहीतरी हलकेफुलके पाठवा, फराळाबरोबर वाचता आले पाहिजे,' असे त्यात असते. आजवर मी ते मुकाट्याने पाळीत आलो. या वर्षी मात्र कथा न पाठवता भांडण पाठवीत आहे. दारात आकाशकंदील लागला आहे, ताटात चकली आहे, आणि अशा वेळी हा मास्तर कसले गाऱ्हाणे घेऊन आला, असे वाचकांना वाटेल. पण आमच्या मराठवाड्यात सणालाच चार माणसे एके ठिकाणी जमतात आणि घरातली जुनी भांडणेही त्याच दिवशी बाहेर निघतात. तेव्हा मी रिवाज मोडला, असे कोणी समजू नये.

भांडण आहे मनाच्या पंडितांशी. 'समुपदेशन' हा शब्द आता शाळेच्या फलकावरही दिसू लागला आहे. खचलेल्या माणसाचे ऐकून घ्यावे, त्याच्याशी बोलावे आणि त्याला पुन्हा उभे करावे, असे हे शास्त्र. त्याच्याबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर 'मनाचे आजार-बिजार काही नसतात, चार फटके द्या' असे म्हणणारी मंडळी मला आपल्या पंगतीत बसवतील. माझी तक्रार वेगळी आहे. हे शास्त्र वाढते ते आमच्या उत्तरांवर. आमच्या दारी प्रश्नावली येते. आम्ही पोटातले सांगतो. कागद भरतो, कागद जातो. पुढे त्याचे काय झाले, हे सांगायला मात्र कोणी परत येत नाही.

हे बोलण्याचा तुला काय अधिकार, असे कोणी विचारील. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आमच्याकडे दहावीला जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि नांदेडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. रात्री कादंबऱ्या लिहितो. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाही. पण ज्याच्यावर संशोधन झाले तो मुलगा मी आहे, आणि ज्याने आपल्या वर्गातली मुले संशोधनासाठी पुढे केली तो मास्तरही मीच आहे. तेवढा अधिकार मला पुरतो.

गोष्ट १९९३ ची. माझे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. त्या वर्षी २९ सप्टेंबरला गणपती बोळवले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. सुमारे १०,००० माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे माळवद, अशी आमची घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे छातीवर आले. माझ्या आत्याचे गाव त्या ५२ गावांतले. तिचा नवरा आणि धाकटा मुलगा गेले. मी तेरा वर्षांचा होतो. त्या हिवाळ्यात मला तिच्या सोबतीला पत्र्याच्या शेडमध्ये धाडले होते.

तिथे एके दिवशी शहरातून काही मंडळी आली. कोण, कुठली, ते आज सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण अशी पुष्कळ आली आणि पुष्कळ गेली. बोलायला फार गोड माणसे. आम्हा पोरांना त्यांनी रंगीत खडू दिले आणि मनात येईल ते काढा म्हणाली. मी गणपतीची मिरवणूक काढली. ढोल काढला, गुलाल काढला. पाहून एक बाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग 'छान आहे हं' म्हणाल्या आणि चित्र घेऊन गेल्या. कोणी मागून नेलेले माझ्या आयुष्यातले ते पहिले चित्र. ते परत आले नाही.

आत्याला त्यांनी प्रश्न विचारले. झोप लागते का, भूक लागते का, जगावेसे वाटते का. आत्या प्रत्येकाला 'व्हय, लागते की,' 'व्हय, वाटतंय की,' असे म्हणत गेली. कागद भरला. मंडळी चहा पिऊन गेली. रात्री मात्र आत्या शेडच्या दारात बसून राहायची, डोक्यावर छत नको म्हणायची. मी विचारले, "आत्या, मग त्या बाईला झोप लागते म्हणून का सांगितलंस?" ती म्हणाली, "दीर समोर बसले होते की रे लेकरा. त्यांच्यापुढं काय सांगू?"

या एका वाक्यात माझे सगळे भांडण आले. त्या कागदावर आत्याची झोप चांगली असल्याची नोंद आहे. ती कुठल्या तरी बेरजेत मिळाली असेल, त्या बेरजेचा कुठे तरी लेख झाला असेल आणि तो लेख प्रमाण धरून पुढे आणखी कोणी लेख लिहिला असेल. बेरीज चुकली हे ठाऊक असलेली जगात दोनच माणसे, आत्या आणि मी. आणि लेख आम्हा दोघांपर्यंत कधी आलाच नाही. लोकांना निष्कर्ष सांगणे म्हणजे त्यांच्यावर उपकार करणे, असे विद्वानांना वाटते. खरे तर तो हिशेब तपासून घेण्याचा मार्ग आहे. गावातला किराणा दुकानदारसुद्धा महिन्याअखेरीस वही दाखवतो आणि 'बघून घ्या, काही चुकलं का,' असे विचारतो.

आता दुसरी गोष्ट, अलीकडची. आमच्या शाळेत एक तरुण गृहस्थ पीएच.डी.साठी आले. विषय, नववीच्या मुलांची परीक्षेची भीती. मुख्याध्यापकांनी त्यांना तास दिला तो अर्थात चित्रकलेचा. शाळेत दान द्यायचे झाले की चित्रकलेचाच तास निघतो. मी स्वतः मुलांना म्हणालो, 'मोकळेपणाने लिहा.' मुलांनी लिहिले. गृहस्थ आभार मानून गेले. चार महिन्यांनी एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, त्या दिवशीच्या पेपरात मी पास का नापास?"

परीक्षेची भीती मोजायला आलेल्या माणसाने त्या पोरीला आणखी एक परीक्षा देऊन ठेवली होती, आणि तिचा निकाल लावायला तो विसरला होता. मी त्यांना फोन केला. माणूस चांगला. खूष होऊन म्हणाले, "सर, पेपर निघाला सुद्धा!" आणि तो मला पाठवला. सहा पाने, इंग्रजीत. कोश घेऊन बसलो. आमची मुले त्यात टक्के होऊन बसली होती. छापायला किती लागले, हे मी भीतभीतच विचारले. त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या शाळेच्या वर्षभराच्या रंगसाहित्यापेक्षा जास्त होती.

त्या तरुणावर मी रागावलो नाही, कारण ही रीत त्याने घातलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची मोजणी आणली आणि छापलेल्या लेखांना गुण लावले. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी लेख छापलाच पाहिजे, असेही ठरले. मग व्हायचे तेच झाले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. ती आवरण्यासाठी २०१९ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी आणली आणि २०२५ मध्ये ती बंद केली. पीएच.डी.साठी लेखाची सक्तीही २०२२ च्या नियमांत काढून टाकली. नियम आले आणि गेले, सवय राहिली. ज्याच्याबद्दल लेख लिहिला त्याने तो वाचला काय, हा रकाना या सगळ्या नियमांत कधीच नव्हता.

बरे, चांगल्या नियतकालिकांचे तरी काय? ती आहेत, आणि त्यांत चांगले कामही छापून येते. पण त्यांच्या दारावर कुलूप असते. ते उघडण्यासाठी केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी विद्यापीठांत, महाविद्यालयांत आणि संशोधन संस्थांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी ही फारच मोठी सोय झाली. पण जिल्हा परिषदेचा मास्तर, अंगणवाडीची ताई, गावातली आशाताई आणि माझी आत्या या वर्गणीत बसत नाहीत. पैसे राष्ट्राचे, वर्गणी राष्ट्राची, आणि राष्ट्र दाराबाहेर उभे!

आणि कुलूप उघडले तरी आत इंग्रजी असतेच. गांधीनगरच्या 'शोधगंगा' या संग्रहात देशभरातले प्रबंध कोणालाही फुकट पाहता येतात. ही गोष्ट मोठी चांगली झाली, तिचे श्रेय दिले पाहिजे. पण परीक्षकासाठी लिहिलेला तीनशे पानांचा ग्रंथ काही मुलीच्या बापासाठी लिहिलेला नसतो.

आता विद्वान मंडळींचे आक्षेप ऐकू. ते मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप, मराठीत परिभाषा नाही. हे मराठवाड्याच्या माणसाला सांगू नये. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून उच्च शिक्षण उर्दूतून दिले, आणि त्यासाठी खास भाषांतर विभाग काढून शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणले. त्या राज्यात आमच्या मराठीला जागा नव्हती, हे दुःख खरे. पण मनात आणले तर शास्त्र देशी भाषेत आणता येते, याचा पुरावाही त्याच राज्याने शंभर वर्षांपूर्वी दिला. पुढे याच नांदेडात पीपल्स कॉलेजच्या नरहर कुरुंदकरांनी आय. ए. रिचर्डसची कलामीमांसा मराठीत उलगडून दाखवली, आणि त्या मीमांसेचा पाया मानसशास्त्रच आहे. आणि परिभाषा म्हणाल तर आमच्या बायकांकडे ती भरपूर आहे. करमत नाही, जीव लागत नाही, काळजात धस्स होते, पोटात खड्डा पडतो, जिवाची उलघाल होते. या पाच गोष्टी पाच निरनिराळ्या आहेत, हे कोणतीही म्हातारी सांगेल. परदेशी प्रश्नावलीच्या भाषांतरात त्या पाचांचे मिळून एक 'उदास वाटते का?' होते, आणि मग परिभाषा अपुरी म्हणून मराठीला बोल लावतात.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. माणसाने विश्वासाने सांगितलेले चव्हाट्यावर कसे मांडावे? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मानतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्कच दिला आहे. पण नाव झाकणे वेगळे आणि ज्ञान झाकणे वेगळे. अमेरिकेत कार्ल रॉजर्स या समुपदेशनाच्या आद्य आचार्याने १९४२ साली एका माणसाशी झालेल्या आठ भेटींचे संपूर्ण संभाषण, ध्वनिमुद्रण करून, पुस्तकात छापले. माणसाचे नाव बदलले आणि बाकी सगळे, स्वतःच्या चुकांसकट, जगापुढे ठेवले. बंद खोलीत समुपदेशक नेमके करतो काय, हे लोकांना तेव्हा कळले. आणि आमच्याकडे गंमत अशी की, जी गुप्तता आत्यापाशी आड येते, ती परदेशी मासिकापाशी आड येत नाही!

तिसरा आक्षेप, लोक अर्धवट वाचतील आणि गैरसमज करून घेतील. करतील. कादंबरीकाराला हे कोणी शिकवू नये. माझ्या एका कादंबरीत वसतिगृहातला एक मुलगा होता. त्याचे मूळ ज्या मुलात होते, त्याचे वडील पुस्तक घेऊन माझ्या घरी आले आणि तासभर मला बोलले. अर्धे त्यांचे चुकत होते. उरलेल्या अर्ध्यात माझे चुकले होते, ते मी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केले. मीही लोकांच्या दुःखावरच लिहितो. त्या बाबतीत संशोधक आणि मी एकाच धंद्यातले. फरक इतकाच की, ज्या बाजारातून मी माल उचलतो त्याच बाजारात मला तो विकावा लागतो. मला शिव्या बसतात, कारण मला वाचतात.

आणि शहाण्यांनीच वाचले तर चुका होत नाहीत, असेही नाही. २०१५ साली जगभरच्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्राचे शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले. आधीच्या लेखांत जवळजवळ सगळे यशस्वी होते. या खेपेस जेमतेम ३६ टक्क्यांना तसा स्पष्ट निकाल मिळाला. याचे एक कारण असे की, जमलेले तेवढे छापून येते आणि फसलेले कपाटात राहते. आमच्या समुपदेशकांचेही तेच आहे. अमुक उपाय केला आणि मुलाला गुण आला नाही, असा लेख कधी कोणी पाहिला आहे काय? पण लातूरच्या समुपदेशकाचे काय फसले, हे नांदेडच्या समुपदेशकाला कळले, तर दुसरे पोर तरी त्या फेऱ्यातून वाचेल.

हे आज तातडीने सांगावेसे वाटते त्याला कारण आहे. 'लातूर पॅटर्न'च्या नावावर बाहेरगावची हजारो मुले लातूरला येतात, तशीच नांदेडलाही. भाड्याची खोली, मेसचा डबा, भिंतीवर डॉक्टर होण्याचे वेळापत्रक. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले आयुष्य संपवले, अशी सरकारी नोंद आहे, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा होता. दिवाळीच्या अंकात हा आकडा लिहिताना हात जड होतो. पण त्यांच्याही घरी कंदील लागत होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. उत्तम झाले. पण हा समुपदेशक खुर्चीवर बसून वाचणार काय? त्याच्याच गल्लीतल्या पोरांवर झालेला अभ्यास त्याला मिळणार नसेल, तर तो परगावचे औषध आमच्या दुखण्याला लावणार.

आता आत्याकडे येतो. ती आता पुनर्वसनाच्या गावात राहते, ऐंशी ओलांडली आहे. किल्लारीच्या आपत्तीवर चांगला अभ्यास झालाच नाही, असे मात्र नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर पुण्याच्या डॉ. मोहन आगाशे यांनी, म्हणजे 'घाशीराम'मधल्या आपल्या नानांनी, भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास केला. १९९६ साली अमेरिकेच्या एका नामांकित मानसोपचार मासिकात याच भूकंपातून वाचलेल्यांवर एक लेख आला. त्या पाहणीत आत्या नव्हती. लेखाचा फक्त गोषवारा फुकट वाचता येतो. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना शेजारी बसवून मी तो मराठीत उतरवला आणि गेल्या दिवाळीत आत्याला वाचून दाखवला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांना मनाचा काही ना काही विकार जडला होता. आघात पुन्हा पुन्हा समोर येणे आणि खोल उदासी हे त्यांतले मुख्य.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "निम्म्यांना? म्हंजे मी एकलीच नव्हते म्हण की. मला वाटलं, मलाच येड लागलंय, म्हणून कुणाला बोलले नाही."

इतकी वर्षे! जे एक वाक्य तिला तेव्हाच मिळायला हवे होते, ते सातासमुद्रापार इंग्रजीत छापून पडले होते. ते लिहिणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी आपले काम नेकीने केले. ते वाक्य किल्लारीच्या पारावर आणून वाचून दाखवणे हे कोणाचेच काम नव्हते, हा दोष आहे. समुपदेशन म्हणजे आणखी निराळे काय असते? 'तू एकटी नाहीस' हे तिला कळणे, हीच तर उपचाराची पहिली पायरी. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष जॉर्ज मिलर यांनी १९६९ सालीच आपल्या मंडळींना बजावले होते की, हे शास्त्र कपाटात ठेवण्याचे नाही, सामान्यांना देऊन टाकण्याचे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासींनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता लिहून काढली: आमच्याशी आदराने वागा, खरे बोला, न्याय करा, आमची काळजी घ्या, आणि आम्ही ठरवलेली रीत पाळा. शिकारीवर जगत आलेल्या त्या लोकांना जे सुचले, ते आम्हा मॅट्रिकवाल्यांना का सुचू नये?

म्हणून माझी मागणी मी लेखी देत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीत, जो कोणी मनाचा अभ्यास करील, त्याने लेख छापायला धाडण्याआधी निष्कर्षाचे एक पान मराठीत लिहावे. ज्या गावातून, ज्या वर्गातून उत्तरे नेली तिथे ते मोठ्याने वाचून दाखवावे. लोक 'असं नाही, तसं' म्हणाले तर तेही लेखात घालावे. फसलेला उपायही सांगावा. आणि विद्यापीठाने त्या एका पानाला परदेशी लेखाइतकेच गुण द्यावेत. खर्च किती? एक कागद आणि एसटीचे तिकीट.

वाचकहो, तुम्हालाही एक काम आहे. उद्या तुमच्या दारी किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत प्रश्नावली आली, तर जरूर भरा, खरे भरा, शास्त्राला मदत करा. पण सही करण्याआधी विचारा, 'परत कधी येणार?' तारीख लिहून घ्या. आणि घरात कोणाचा जीव लागत नसेल तर कोणा संशोधकाची वाट पाहू नका. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

त्या मुलीला मी काय सांगितले, ते राहिलेच. मी म्हणालो, "बाळ, त्या पेपरात तू पास. नापास झालो आम्ही." ती हसली आणि चित्राची वही उघडून बसली. तिने काढलेले चित्र मी तपासले, खाली तारीख घातली आणि तिच्या हातात परत दिले.